केडगावची शिक्षिका : पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे एक लहानसे स्थानक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्या आसपास माळरानाखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते. त्या माळावर पंडिता रमाबाईंनी विहिरी खोदल्या, झाडे लावली, घरे उभारली आणि त्या वसाहतीला ‘मुक्ती’ असे नाव दिले. संस्कृत विदुषी, ‘स्त्रीधर्मनीती’ची लेखिका, विधवांची कैवारी आणि धर्मांतरामुळे वादाच्या भोवऱ्यात सापडलेली स्त्री या नात्यांनी रमाबाईंचा परिचय बहुतेकांना शालेय वयातच होतो. ज्या मुलींना शिकवता येते यावरच त्या काळी कुणाचा विश्वास नव्हता, अशा मुलींची शिक्षिका म्हणून त्यांच्याकडे मात्र क्वचितच पाहिले जाते. या शिक्षिकेला स्वतःलाही ऐकू कमी येत असे, आणि तिच्या आयुष्याला मिळालेले वळण बऱ्याच अंशी त्या उणिवेमुळे मिळाले, ही गोष्ट तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक असते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे निष्ठावान, कर्मठ ब्राह्मण. परंतु स्त्रीने संस्कृत शिकावे, या एका बाबतीत ते आपल्या काळाच्या फार पुढे होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना शिकवले, त्यावरून धर्मपंडितांचा रोष ओढवून घेतला आणि उडुपीच्या विद्वत्सभेत शास्त्राधारे आपली बाजू मांडली. रमाबाई काही महिन्यांच्या होत्या तेव्हा या कुटुंबाने अरण्यातले घर सोडले. त्या चिमुकलीचा पहिला प्रवास वेताच्या पेटीत बसून झाला. पुढे सारे बालपण तीर्थयात्रेतच गेले. आज या देवळाच्या आवारात, उद्या त्या नदीच्या घाटावर पुराणे सांगावीत आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, असा तो क्रम होता.

त्यांना शाळा अशी लाभली नाही. पहाटे आई उठवी आणि मांडीशी घेऊन पाठ देई. आई म्हणे, मुलगी ऐके, पुन्हा म्हणे आणि ते मनात ठसे. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांना मुखोद्गत झाले होते, असे त्यांचे सर्व चरित्रकार सांगतात. ही सारी विद्या कानांवाटे आत आलेली होती, हे पुढच्या हकिकतीसाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने थैमान घातले. भिक्षा मागणे कुटुंबाच्या स्वभावात बसत नव्हते आणि अंगमेहनतीचे काम कुणालाच येत नव्हते. होते नव्हते ते किडूकमिडूक विकून झाले आणि मग झाडपाल्यावर दिवस निघू लागले. प्रथम वडील, त्यांच्यामागोमाग आई आणि पाठोपाठ थोरली बहीण अशी तिघेही गेली. उरलेली दोघे, रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास, हजारो मैल पायी चालत काश्मीरपर्यंत जाऊन १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. विशीतली एक अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृतात शास्त्रचर्चा करते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. नावाआधी कायमचे जडलेले ‘पंडिता’ हे बिरूद या परीक्षेतून आलेले आहे.

१८८० मध्ये श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता, आणि तोही त्या काळात! सिल्चर येथे त्यांचा संसार सुरू झाला व १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. पण ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने बिपिनबाबूंचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी रमाबाई वैधव्याच्या त्या परिस्थितीत आल्या, जिच्याविषयी आजवर त्या व्याख्याने देत आल्या होत्या.

मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाजाची स्थापना झाली, ‘स्त्रीधर्मनीती’ प्रसिद्ध झाली. हंटर शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्ये त्यांनी जी साक्ष दिली तिच्यात दोन मागण्या आग्रहाच्या होत्या. मुलींना शिकवण्यासाठी स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करावे आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर निर्माण व्हाव्यात. यातली दुसरी गोष्ट स्वतःच करून दाखवावी, असा त्यांचा निश्चय झाला. वैद्यकाच्या शिक्षणासाठी त्या १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेसह इंग्लंडला निघाल्या. प्रवासाचा खर्च ‘स्त्रीधर्मनीती’च्या विक्रीतून उभा राहिला होता.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज येथील भगिनींच्या मठात उतरल्या. तेथे कळले की त्यांच्या श्रवणशक्तीत दोष आहे आणि तो वाढत चालला आहे. वैद्यकाच्या अभ्यासात हा दोष आड येणार होता. डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला व्याख्याने ऐकावी लागतात, रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकावे लागतात. ज्या स्त्रीने सारी विद्या ऐकूनच मिळवली, तिचे कानच तिला ऐन उमेदीत साथ देईनासे झाले. परदेशात, पदरी लहान मूल, पैसा बेताचा आणि आलेला हेतूच हातून निसटलेला, अशा वेळी पंचविशीतली स्त्री काय करील? रमाबाईंनी हंटर आयोगापुढची आपली पहिली मागणी जवळ केली. त्या शिक्षिका व्हायचे म्हणून पुन्हा विद्यार्थिनी झाल्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रात त्यावर उठलेले काहूर बरेच दिवस शमले नाही. १८८४ ते १८८६ या काळात चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात त्या एकीकडे संस्कृत शिकवीत आणि दुसरीकडे इंग्रजी, गणित व शास्त्रे शिकत. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्यांचे मोल ओळखले होते. रमाबाईंनी तरुण इंग्रज पुरुषांना शिकवू नये असे जेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी सुचवले, तेव्हा त्यांनी ते मुकाट्याने मानले नाही. नवा धर्म स्वीकारला म्हणून नव्या गुरुजनांपुढे मान तुकवायची, हे त्यांच्या रक्तात नव्हते. ज्यांनी त्यांच्यावर केवळ परकीयांच्या आहारी गेल्याचा आरोप केला, त्यांनी त्यांचा वाँटेजच्या भगिनींशी झालेला पत्रव्यवहार बहुधा वाचला नसावा.

१८८६ मध्ये त्यांना अमेरिकेचे बोलावणे आले. डॉ. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेत होत्या. ११ मार्च १८८६ च्या त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. स्वतःला जे मिळाले नाही ते दुसऱ्या मराठी स्त्रीला मिळताना पाहण्याचा तो प्रसंग होता. अल्पकाळ राहण्यासाठी गेलेल्या रमाबाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचे, म्हणजे ज्याला पुढे आपण किंडरगार्टन म्हणू लागलो त्या पद्धतीचे शिक्षण त्यांनी घेतले. लाकडी ठोकळे, चेंडू, कागदाच्या घड्या, माती, गाणी यांतून मुलाचे हात आणि डोळे आधी जागे करावेत व अक्षरे नंतर यावीत, हा त्या पद्धतीचा गाभा. पाठांतराच्या परंपरेत वाढलेल्या पंडितेने ही रीत मनापासून स्वीकारली. मराठी मुलींसाठी सचित्र वाचनपुस्तके तयार करण्याचा उद्योगही त्यांनी तेथेच आरंभला. १८८७ मध्ये ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेचा दहा वर्षांचा खर्च उचलण्याची हमी तिने दिली.

याच १८८७ च्या मार्च महिन्यात ॲन सुलिव्हन ही तरुण शिक्षिका बोस्टनची अंधशाळा सोडून अलाबामात हेलन केलर या मुलीला शिकवण्यास गेली होती. जे मूल पाहू किंवा ऐकू शकत नाही तेही शिकू शकते, ही गोष्ट जगाला नव्याने उमगत होती. भारतातही पहिली पावले पडत होती. मुंबईत मूकबधिर मुलांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली होती आणि अमृतसरला ॲनी शार्प यांनी १८८७ मध्ये अंधांची शाळा काढली होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, विशी ओलांडलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या. प्रौढ वयात पाटी हाती घेणाऱ्या विद्यार्थिनीला शिकवणे सहा वर्षांच्या मुलीला शिकवण्यापेक्षा कठीण असते. तिला आधी आपण शिकू शकतो याची खात्री पटवून द्यावी लागते. या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या आणि कर्व्यांच्या हिंगण्याच्या कार्याला त्यांनी आयुष्यभर हातभार लावला. महर्षी कर्व्यांच्या संस्थेचा एक धागा शारदा सदनाच्या त्या पहिल्या वर्गापर्यंत जाऊन पोहोचतो, याची आठवण दोन्ही बाजूंच्या अनुयायांनी पुरेशी ठेवली आहे असे दिसत नाही.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलले. विद्यार्थिनींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती आणि कुणावरही धर्म लादायचा नाही असे ठरलेले होते. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वृत्तपत्रांतून वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या प्रसंगात पालकांची भीती निराधार नव्हती. दार उघडे ठेवणे हेसुद्धा एक प्रकारचे आमंत्रणच असते. पण परत गेलेल्या त्या मुलींच्या हातातली पाटी सुटली, त्याची जबाबदारी कुणी घेतली, हा प्रश्नही विचारायला हवा.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी उपासमारीत आईवडील गमावलेल्या रमाबाईंना ती बातमी वाचून स्वस्थ बसवेना. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या. रस्त्याच्या कडेला, सरकारी छावण्यांत, देवळांच्या आसऱ्याला पडलेल्या मुली त्यांनी उचलल्या. थोड्याच महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली त्यांच्याबरोबर आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग शिरला आणि शहरात एवढी वस्ती ठेवणे अशक्य झाले. फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीन कामी आली. तंबू, झोपड्या आणि झाडांची सावली एवढ्यावर ‘मुक्ती’चा आरंभ झाला. सप्टेंबर १८९८ मध्ये मुख्य इमारतीचे रीतसर समर्पण झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या एकोणीसशेच्या आसपास गेली.

शारदा सदनातल्या मुली सुशिक्षित होऊ पाहणाऱ्या घरांतून आल्या होत्या. केडगावला आलेल्या मुलींनी शाळा ही वस्तूच पाहिलेली नव्हती. कुणी हिंदी बोले, कुणी गुजराती, कुणी एखादी बोली. अंगावर मांस नाही, डोळे आलेले, त्वचेवर फोड, मनात भुकेची धास्ती. काहींची समज वयाच्या मानाने कितीतरी मागे होती. काही वयस्कर होत्या, काही अपंग होत्या आणि काहींना दिसत नव्हते. उपासमार आणि देवी या दोन्ही गोष्टी त्या काळी डोळे घेऊन जात.

अशा दोन हजारांना एकाच वर्गात, एकाच पुस्तकाने आणि एकाच वेगाने शिकवता येणार नव्हते. रमाबाईंनी तसा प्रयत्नही केला नाही. लहानग्यांसाठी बालोद्यान वर्ग होते. मोठ्यांसाठी अक्षरओळखीबरोबर हाताला काम होते. विणकाम, शिवण, गोठा, तेलघाणा, शेती, स्वयंपाकघर, धोबीखाना, छापखाना अशा विभागांतून प्रत्येकीला झेपेल ते काम मिळे. पुस्तकात मागे पडलेली मुलगी मागावर पुढे निघून जाई. थोडेबहुत शिकलेली मोठी मुलगी लहानांची बाई होई. रोजच्या हिशेबात, पाण्याच्या पाळीत, भाकऱ्यांच्या संख्येत गणित दडलेले असे. विशेष गरजांच्या मुलांसाठी प्रत्येकाची निराळी आखणी करावी, असे आज शिक्षणशास्त्राच्या पदव्यांच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते. केडगावात ते गरजेपोटी घडत होते.

पतितांसाठी कृपा सदन आणि वृद्ध व दुबळ्यांसाठी प्रीती सदन असे निरनिराळे भाग झाले. दृष्टिहीनांसाठी जो स्वतंत्र विभाग निघाला त्याला बायबलातील दृष्टी लाभलेल्या अंध याचकाचे नाव देण्यात आले. या विभागाची खरी सूत्रधार होती मनोरमा. आईबरोबर दोन वर्षांची असताना इंग्लंडला गेलेली ही मुलगी अमेरिकेत शिकून परत आली आणि आईचा उजवा हात बनली. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी आत्मसात केली होती व ती त्यांनी अंध मुलींना शिकवण्यास आरंभ केला.

हे काम किती अवघड होते हे समजण्यासाठी एक तपशील पुरेसा आहे. ब्रेल लिपी म्हणजे सहा ठिपक्यांची मांडणी. लुई ब्रेल याने ती रोमन अक्षरांसाठी बसवली. मराठीत स्वर, व्यंजने, काना, मात्रा, जोडाक्षरे. त्यांपैकी कुठल्या ध्वनीला कुठले ठिपके द्यावेत याबद्दल भारतात एकमत नव्हते. ठिकठिकाणी निरनिराळ्या पद्धती चालत आणि सर्व भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरण्यास १९५१ साल उजाडले. छापील ब्रेल पुस्तके मराठीत जवळजवळ नव्हतीच. प्रत्येक पान जाड कागदावर हाताने टोचून उठवायचे. ते उजवीकडून डावीकडे टोचायचे, म्हणजे कागद उलटल्यावर डावीकडून उजवीकडे वाचता येते. एका विद्यार्थिनीच्या बोटांना वळण लागेपर्यंत शिक्षिकेने तिच्या शेजारी बसून राहायचे. वाचनाबरोबर वेतकाम, दोरकाम, टोपल्या विणणे, लोकरीचे विणकाम हे उद्योग अंध मुलींना शिकवले जात. भीक मागणे हाच ज्यांचा ठरलेला धंदा समजला जाई, त्या स्वतःच्या हातची वस्तू पुढे ठेवू लागल्या.

शिक्षिकेला नीट ऐकू येत नाही आणि विद्यार्थिनीला दिसत नाही, अशा त्या आवारात दोघींमध्ये स्पर्श आणि सहवास हीच भाषा उरत असेल. रमाबाईंच्या बहिरेपणाविषयी त्यांच्या अनुयायांनी फार लिहिलेले नाही. थोर व्यक्तींच्या उणिवा झाकण्याची आपली रीतच आहे. पण ज्या बाईला वैद्यकाच्या दारातून कानांमुळे परतावे लागले, तिने आपल्या दारातून कुणाला डोळ्यांमुळे परत पाठवले नाही, ही गोष्ट झाकून ठेवण्याची निश्चितच नव्हे.

मुक्तीच्या कार्याला ख्रिस्ती उपासनेचे अधिष्ठान होते आणि उत्तरोत्तर ते अधिक ठळक झाले. दुष्काळातून आणलेल्या बहुसंख्य मुली पुढे त्याच धर्मात वाढल्या. त्याबद्दल महाराष्ट्राच्या मनात असलेली खंत आजही पूर्णपणे गेलेली नाही. मात्र त्या दुष्काळात त्या मुलींना उचलण्यासाठी किती हात पुढे आले होते, हा हिशेब मांडल्याखेरीज ती खंत अपुरी राहते.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी एक प्रचंड काम अंगावर घेतले. बायबलचे मराठी भाषांतर त्यांना पंडिती वाटे. अल्पशिक्षित बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत ते पुन्हा उतरवावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा पन्नाशीच्या आसपास शिकायला घेतल्या. संस्कृतात वादविवाद जिंकणारी पंडिता सोप्या शब्दांच्या शोधात वर्षानुवर्षे बसली! छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या त्यांच्याच मुली होत्या. दुष्काळात उचललेल्या मुलींनी अक्षर अन् अक्षर जुळवून पाने उभी केली. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

मनोरमाबाई संस्थेची धुरा पुढे वाहतील असे सर्वांनी गृहीत धरले होते. गुलबर्ग्याला त्यांनी शाळाही उभी केली होती. पण अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली आणि २४ जुलै १९२१ रोजी, चाळिसाव्या वर्षी, त्या आईच्या आधी गेल्या. वडील, आई, बहीण, भाऊ, पती आणि आता मुलगी. रमाबाई भाषांतराच्या मुद्रितांकडे पुन्हा वळल्या. शेवटची पाने हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांचे प्राण गेले. चौसष्टावे वर्ष पुरे व्हायला अठरा दिवस उरले होते.

दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, केडगावच्या छापखान्यातून ते भाषांतर बाहेर पडले. अंध मुलींचा वर्ग रमाबाईंच्या आणि मनोरमाबाईंच्या मागेही चालूच राहिला. मुक्तीच्या आवारात टोपल्या विणणारी आणि ठिपक्यांवरून फिरणारी बोटे थांबली नाहीत.